गेम रंगात आला की लॅपटॉप मान टाकतो

गेल्या अंकात या पानावर फोनच्या बॅटरीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली लॅपटॉपची. त्यातही गेमिंग लॅपटॉपची, आणि निम्म्या पत्रांत एवढंच की "लॅपटॉप आपोआप बंद होतो, काय करू". अहो, डॉक्टरकडे जाऊन नुसतं बरं वाटत नाही म्हटलं तर तोसुद्धा विचारतो ना, ताप आहे की पोट बिघडलंय. बंद होतो म्हणजे मेन स्विच पाडल्यासारखा खटकन काळा होतो, की निळी स्क्रीन येऊन रीस्टार्ट होतो, की चित्र गोठतं आणि आवाज घर्रर्र करत अडकून राहतो, की फक्त गेम उडतो आणि डेस्कटॉप दिसतो? हे चार वेगळे आजार आहेत आणि चारींचा खर्चही वेगळा. म्हणून ज्यांनी कधी आणि कसं बंद पडतं हे नीट लिहिलंय त्यांचीच पत्रं यावेळी घेतलीत. नावं छापत नाहीये, फक्त राहायची ठिकाणं.

प्रश्न : दादा, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, भांडुपला राहतो. लॅपटॉप तीन वर्षं जुना, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स आणि रायझन ७ प्रोसेसरवाला. गणपतीनंतर प्रॉब्लेम चालू झाला. गेम लावला की दहा-पंधरा मिनिटांत एकदम बंद, निळी स्क्रीन नाही, काही नाही, कधी स्वतःच परत चालू होतो, कधी बटण दाबावं लागतं. कोडिंग, पिक्चर, कॉलेजचं काम सगळं तासन्‌तास चालतं, तेव्हा काही होत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ असं येतं, नेटवर वाचलं की त्याचा अर्थ पॉवर सप्लाय गेलाय. दोनदा फॉरमॅट मारला, फरक नाही. स्टेशनजवळच्या दुकानवाल्याने पाच मिनिटं बघून सांगितलं, बोर्ड गेलाय, २२ हजार होतील. पप्पांना अजून बोललो नाहीये. आमच्याकडे लाइटपण वरखाली होते, स्टॅबिलायझर घेऊ का?

उत्तर : मित्रा, पप्पांना आत्ताच काही सांगू नकोस आणि २२ हजार तर कोणालाच देऊ नकोस.

पहिलं ते ४१ चं भूत उतरवू. कर्नल पॉवर ४१ ही नोंद विंडोज मरताना करत नाही, पुढच्या वेळी चालू झाल्यावर करते. म्हणजे उठल्यावर तिला कळतं की अरे, काल आपण नीट शटडाऊन न होताच गेलो होतो, आणि ती तसं लिहून ठेवते. हा पोलिसांचा पंचनामा झाला, मृतदेह इथे सापडला एवढंच, कशाने मेला ते त्यात नाही. तू चार्जरची पिन उपटलीस आणि बॅटरीही संपलेली असली तरी ४१ येणार, बटण दहा सेकंद दाबून धरलंस तरी ४१ येणार. पण त्याच नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये बगचेक कोड नावाची एक ओळ असते, ती बघायची. तिथे काही आकडा असेल तर विंडोजला मरण्याआधी निळी स्क्रीन काढण्याइतका वेळ मिळाला होता. शून्य असेल तर तिला काहीच कळलं नाही, एक तर वीज तुटली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. तुझं मशीन खटकन काळं होतंय, म्हणजे वीज तुटली, आणि अशा केसमध्ये दोनदा काय दहादा फॉरमॅट मारलास तरी उपयोग नाही.

मी तुला मेलवर चार गोष्टी विचारल्या होत्या आणि तू चारींची उत्तरं पाठवलीस, फोटोसकट, त्याबद्दल खरंच शाबास, कारण इतकं कोणी करत नाही. बाकीच्या वाचकांसाठी ती इथे देतो.

पहिलं, बगचेक कोड शून्य आणि मिनीडंप, म्हणजे निळ्या स्क्रीनची नोंद जिथे साठते तो फोल्डर, रिकामा. दुसरं, एचडब्ल्यूइन्फो या फुकट सॉफ्टवेअरने लॉग घेतलास, त्यात बंद पडायच्या आधीच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ८४ डिग्री आणि ग्राफिक्स ७६. हे गेमिंग लॅपटॉपला नेहमीचंच आहे, प्रोसेसर साधारण ९५ ते १०० च्या आसपास पोचला की आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तेवढ्यानेही भागलं नाही तरच मशीन बंद करतो, म्हणजे तापण्याची केस इथेच निकालात निघाली. तिसरं, तू लिहिलंस की चार्जर काढून बॅटरीवर खेळलं तर गेम अडकत चालतो पण बंद पडत नाही, म्हणजे चार्जरच खराब. इथे जरा थांब. बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्सचा दम मुद्दाम कमी करतो, त्यामुळे तेव्हा मशीन पूर्ण जोर लावतच नसतं. हा अर्धाच पुरावा झाला. उरलेला अर्धा तुझ्या चौथ्या फोटोत होता, चार्जरवरच्या स्टिकरच्या.

आउटपुट १९.५ व्होल्ट, ७.७ अँपिअर. गुणाकार कर, १५० वॉट. आणि तुझ्या मॉडेलबरोबर येतो तो २३० वॉटचा, १९.५ गुणिले ११.८. विचारल्यावर मग तू सांगितलंस की हो दादा, ऑगस्टमध्ये घाटकोपरला गर्दीत बॅग ओढली गेली, ओरिजनल चार्जरची वायर तुटली आणि मग एका दुकानातून "सेम टू सेम" घेतला. पिन सेम आहे रे, पोटातली ताकद सेम नाही. ही गोष्ट पहिल्याच मेलमध्ये लिहिली असतीस तर तुझे दोन फॉरमॅट वाचले असते, पण असू दे, सगळेच विसरतात, कारण चार्जर चालतोय म्हटल्यावर तो कोणाला आठवणार.

आता हिशोब बघ. गेम रंगात आला की ३०६० सारखं ग्राफिक्स एकटंच ११५ वॉटच्या घरात जातं, प्रोसेसर ४५ आणि झटका मारताना त्याच्याही वर, मग स्क्रीन, पंखे, रॅम, एसएसडी. १५० ला हे झेपत नाही. मग कमी पडेल तेवढी वीज लॅपटॉप बॅटरीतून उचलतो, चार्जर लावलेला असतानाही. गेमिंग लॅपटॉप मुळात असेच बनवलेले असतात, क्षणभराचा झटका बॅटरीने सोसायचा. तुझ्या बॅटरीची तब्येत बघायला मी कमांड द्यायला सांगितली होती. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट एका शब्दात, एंटर मारलं की एक फाइल बनते. तुझ्या फाइलीत मूळ क्षमता ८०,००० मिलीवॉट-अवर आणि आता पूर्ण चार्ज होते ती ३४,०००. अशी थकलेली बॅटरी साध्या कामाला पुरते, पण तिच्याकडून अचानक खूप वीज मागितली की तिचं व्होल्टेज धापकन पडतं, बोर्डावरचं संरक्षण सर्किट म्हणतं बस्स, आणि खटका पाडतं. तेच ते तुझं खटकन काळं.

मग तू वर्गातल्या मित्राचा २३० वाला ओरिजनल चार्जर मागून आणलास. दोन संध्याकाळी तीन-तीन तास खेळलास, काही नाही, तिसऱ्या दिवशी एकदा बंद पडला आणि तू घाबरून मेल केलीस की दादा बोर्डच असणार. घाबरू नकोस. रोज दहा मिनिटांत पडणारा तीन दिवसांत एकदा पडला, म्हणजे मोठा चोर सापडला, छोटा बाकी आहे, आणि माझा संशय बॅटरीवर आहे. आधी चार्जर घे. लॅमिंग्टन रोडला जाणार असशील, पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, तर रविवार सोडून जा, आणि दुकानदाराने तोंडाने काय वॉट सांगितले ते ऐकू नकोस, स्टिकरवरचा गुणाकार स्वतः कर, आणि शक्य झालं तर कंपनीचाच घे, महाग पडला तरी, कारण डुप्लिकेटवर छापलेले आकडेही डुप्लिकेट असू शकतात. बॅटरी पुढच्या महिन्यात. तोवर गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट ६० वर बांधून टाक आणि लॅपटॉपचा सायलेंट मोड लाव, मागणीच कमी झाली की झटकेही कमी. हे दोन्ही बदलूनही पडला तर मग बोर्डाची वीज सांभाळणारी बाजू तपासायची, तो खर्च सगळ्यात शेवटी.

आणि स्टॅबिलायझर नको. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही खातो, आणि लाइट डोळा मारून गेली तर मध्ये बॅटरी आहेच. घरातली ट्यूब फडफडली म्हणून लॅपटॉप बंद पडत असेल तर तोही बॅटरीचाच निरोप समज.

प्रश्न : नमस्कार. मी लालबागला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, गेमिंग लॅपटॉप त्यासाठीच घेतला, गेम फक्त माझा भाचा खेळतो. ८ जीबी रॅम कमी पडत होती म्हणून दिवाळीआधी १६ ची एक स्टिक वाढवून घेतली. तेव्हापासून दिवसातून एकदा-दोनदा निळी स्क्रीन येते. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी वेगळं नाव असतं, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट. विंडोजची मेमरी टेस्ट केली, ती म्हणते सगळं ओके. एडिटिंगचं सॉफ्टवेअर तीनदा परत टाकलं. सीझन चालू आहे, दोन पार्ट्या रोज फोन करतात.

उत्तर : साहेब, उत्तर तुमच्याच पत्रात आहे, "तेव्हापासून". पण तुमची दुसरी ओळ जास्त कामाची आहे, प्रत्येक वेळी वेगळं नाव. ड्रायव्हर, म्हणजे एखादं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडलेला असला की निळी स्क्रीन सहसा एकाच नावाची हट्टाने येत राहते. रॅम बिघडलेली असली की त्या खराब कप्प्यात त्या वेळी जो कोणी बसला असेल तो मरतो, आज विंडोज, उद्या तुमचं सॉफ्टवेअर, परवा वायफाय, म्हणून नावं बदलतात.

विंडोजच्या टेस्टवर विसंबू नका, ती जरा दयाळू आहे. मेमटेस्ट८६ नावाचं फुकट मिळतं, ते पेनड्राइव्हवर टाकायचं आणि लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. चार फेऱ्या होतात, तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी नापास, इथे पासिंगचे ३५ मार्क नसतात. एरर आली की एक-एक स्टिक वेगळी लावून परत. नवी स्टिक पहिल्या खाचेत, नवी दुसऱ्या खाचेत, मग जुनीचं तसंच. कटकट आहे, पण त्यातूनच कळतं की स्टिक खराब आहे की खाच. दोन्ही स्टिक एकेकट्या पास आणि एकत्र नापास, असंही होतं, म्हणजे दोघींचं जमत नाही, मग सारख्या दोन एका पाकिटातल्या घ्यायच्या. बिल आणि खोका टाकला नसेल तर दुकानदार बदलून देईल, रॅमवर बहुतेक वेळा लांब वॉरंटी असते.

त्याआधी एक फुकटचं काम. मशीन बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची वायर काढा, हे विसरू नका, आणि रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून परत नीट बसवा, टक्‌ आवाज येईपर्यंत. आपल्या मुंबईची हवा दमट आणि खारट, धातूच्या पट्ट्यांवर थर चढतो. माझ्याकडे येणाऱ्या रॅमच्या तक्रारींपैकी काही तर एवढ्यावरच मिटल्यात.

आणि हे निकालात निघेपर्यंत कृपा करून त्या मशीनवर कोणाच्या लग्नाचा एकमेव कॉपीवाला डेटा हलवू नका. खराब रॅम फक्त निळी स्क्रीन देऊन थांबत नाही, फाइल कॉपी करताना एखादा बिट इकडचा तिकडे करते आणि ते कळतं सहा महिन्यांनी, वरमाला घालताना हिरवे चौकोन दिसले की. कॅमेऱ्याची कार्डं पुसू नका. पार्ट्यांना सांगा मशीन आजारी आहे, चार दिवस थांबतील.

प्रश्न : माझा लॅपटॉप १३ व्या जनरेशनच्या आय७ चा आहे, अधूनमधून क्रॅश होतो. इंटेलचे १३ आणि १४ वे जनरेशन खराब निघाले असं वाचलं. कंपनीकडे बदलून मागू का? अंधेरी पूर्व.

उत्तर : ती भानगड २०२४ ची आणि ती खरी आहे, पण डेस्कटॉपच्या प्रोसेसरची. त्यात प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि हळूहळू झिजत होते, ऑगस्ट २०२४ पासून इंटेलने त्यासाठी मायक्रोकोडचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे, अपडेट काढले आणि डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लॅपटॉपच्या प्रोसेसरना हा दोष नाही असं इंटेलने तेव्हाच सांगितलंय, त्यामुळे त्या मुद्द्यावर सर्व्हिस सेंटरला भांडून हाती काही लागणार नाही. बायोस, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, ते मात्र अपडेट करून घ्या, चार्जर लावून, मध्ये बंद न करता. मग क्रॅश कसला ते बघून परत लिहा, "अधूनमधून" पुरत नाही.

प्रश्न : रात्री रेंडरला लावून झोपतो, सकाळी बघतो तर रीस्टार्ट झालेला. गेम खेळताना कधीच होत नाही. दहिसर.

उत्तर : इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगमध्ये १०७४ नंबर शोधा, त्यात कोणी रीस्टार्ट केलं त्याचं नावच लिहिलेलं असतं. बहुतेक विंडोज अपडेट असेल. आठवडाभर अपडेट थांबवा, काम झालं की चालू करा. तसं असेल तर तुमचं मशीन ठणठणीत आहे.

प्रश्न : मी गोरेगावहून लिहितेय. मुलगा बारावीला आहे, दीड वर्षापूर्वी हट्टाने गेमिंग लॅपटॉप घेतला, अभ्यासाला म्हणून. आता अर्ध्या तासात बंद होतो, मग पाच-दहा मिनिटं चालूच होत नाही, मग होतो. त्याआधी आतला पंखा असा ओरडतो की मला वाटतं किचनमध्ये मिक्सर चालू राहिला. तो गादीवर लोळून खेळतो. समोर टॉवरचं बांधकाम चालू आहे, धूळ म्हणजे दिवसातून दोनदा पुसावं लागतं. मुलगा म्हणतो हा गेला, नवीनच घ्यावा लागेल. मला यातलं कळत नाही, पण तो मला बनवत तर नाहीये ना?

उत्तर : ताई, बनवतोय की नाही ते मी कसं सांगू, पण लॅपटॉप गेलेला नाही हे बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. पंखा आधी ओरडतो, मग बंद, मग गार झाल्यावर चालू, हे गुदमरण्याचं लक्षण आहे.

तुम्ही स्वतः एक करून बघा. तो खेळत असताना लॅपटॉपच्या मागे आणि बाजूला जाळ्या असतात तिथे हात धरा. पंखा जोरात फिरतोय आणि हवाही गरम झोताने येतेय, तर ठीक. पंखा मिक्सरसारखा ओरडतोय आणि हवा मात्र फुंकर मारल्यासारखी, तर आत जाळी बुजलीय. तुमच्या किचनच्या चिमणीचं जसं होतं, मोटर घरभर ओरडते आणि फोडणीचा धूर मात्र हॉलमध्ये, कारण फिल्टर तेलाने भरलाय. लॅपटॉपमध्ये पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्या यांच्यामध्ये धूळ, केस, गादीचा कापूस यांचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून तो दिसत नाही. बाहेरून पुसून निघत नाही. वर गादीवर ठेवला की खालून हवा आत घेण्याची भोकंच बंद, म्हणजे नाक दाबून पळायला लावल्यासारखं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३३-३४ डिग्री.

आज रात्रीपासून लॅपटॉप टेबलावर, मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन जाड पुस्तकं, बारावीची चालतील, तेवढीच वापरात येतील. एवढ्यानेच फरक पडला तर निदान पक्कं. मग सर्व्हिसिंगला द्या. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच सेंटरला, संपली असेल तर समोर उघडून साफ करणाऱ्याकडे, आणि पैसे किती ते उघडायच्या आधी विचारून. तिथे उभं राहून दोन गोष्टी बघा. ब्लोअर मारताना तो पंख्याची पाती बोटाने धरतो का, कारण मोकळी सोडली तर ती भिंगरीसारखी फिरते आणि बेअरिंग जातं. दुसरं, प्रोसेसरवरची पेस्ट नवीन लावतो का. काही मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, ते चमकतं पाऱ्यासारखं, ते सांडलं तर बोर्ड शॉर्ट होतो, त्यामुळे तसं दिसलं आणि माणूस गोंधळलेला वाटला तर झाकण लावून घरी या. घरचा व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका. कूलिंग पॅड साफसफाईनंतर घेतला तर चार-पाच डिग्रीचा उपयोग होईल, आधी घेऊन काहीच नाही.

साफ केल्यावरही बंद पडला तर मला लिहा. पण मुलाला हे उत्तर आधी वाचायला देऊ नका, हात लावून आधी तुम्ही बघा.

प्रश्न : भाई, मॅचमध्ये मध्येच स्क्रीन काळी, मित्रांचा आवाज हेडफोनमध्ये चालूच, दोन-तीन सेकंदांनी गेम बंद होऊन डेस्कटॉप. कधी कधी पूर्ण रीस्टार्ट. मी तर रोज रात्री शटडाऊन करतो, मशीन फ्रेश असतं. मित्र म्हणतो गेममधली चीटिंग पकडणारं अँटीचीट काढून टाक. कुर्ला.

उत्तर : आवाज चालू आणि चित्र गेलं म्हणजे मशीन जिवंत आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर पडला. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला उठवून परत बसवते, तो गेम मात्र त्यात मरतो. परत बसवणं जमलं नाही की निळी स्क्रीन, आता नवीन विंडोज ११ मध्ये ती काळी केलीय, आणि मग रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्प्ले ४१०१ किंवा एनव्हीएलडीडीएमकेएम असं अगम्य नाव दिसेल, ते एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचं.

इलाज : डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं टूल आणायचं, नेट बंद करायचं, सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा, मग नवा टाकायचा. आणि नवा म्हणजे सगळ्यात नवाच असं नाही, प्रॉब्लेम ताज्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर एक पाऊल मागचा टाक. ग्राफिक्सला ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलं असशील, आणि तू लिहिलं नाहीयेस म्हणजे केलं असणारच, तर ते शून्यावर.

शटडाऊनचं मात्र तुला वाटतंय तसं नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यात शटडाऊन म्हणजे अर्धवट झोप, सिस्टीमचा आतला भाग तसाच्या तसा डिस्कवर ठेवून सकाळी तोच परत उचलतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, अप टाइम बघ, १९ दिवस वगैरे दिसेल. खरी ताजी सुरुवात फक्त रीस्टार्टने होते.

अँटीचीटबद्दल तुझा मित्र पूर्ण वेडा नाही. काही गेमचं अँटीचीट विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं, आणि तिथे बसणारा कोणी चुकला की एकटा मरत नाही, अख्खं मशीन घेऊन मरतो. १९ जुलै २०२४ ला विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून देत होते ते आठवतंय? क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक चुकीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन निळी. तेही कर्नलमध्येच बसलेलं होतं. पण अँटीचीट काढलंस तर तो गेम चालणारच नाही, तेव्हा आधी ड्रायव्हर.

प्रश्न : तापमान कमी करायला व्हिडिओ बघून अंडरव्होल्ट केलं, म्हणजे प्रोसेसरचं व्होल्टेज कमी केलं, उणे १२५ मिलीव्होल्ट. गेम मस्त चालतात, स्ट्रेस टेस्टही तासभर पास. पण नुसतं ब्राउझर उघडं असताना रीस्टार्ट होतो. मग अंडरव्होल्टचा काय संबंध? चेंबूर.

उत्तर : संबंध तोच. जोरात काम चालू असताना प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे त्याच्या आतले कामगार, मिळून मध्यम वेगाने धावतात. तुम्ही ब्राउझरमध्ये एक टॅब उघडता तेव्हा एकच कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतो, आणि नेमकं तिथे कापलेलं व्होल्टेज कमी पडतं. म्हणून टेस्ट पास आणि ब्राउझरमध्ये मरण. सिस्टीम लॉगमध्ये व्हिया लॉगर (WHEA-Logger) नावाने हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी असतील तर शंकाच नको. शून्यावर आणा, चार दिवस वापरा. पडलं नाही की उणे ५० पासून सुरू करा, दर आठवड्याला थोडं. व्हिडिओवाल्याची चिप आणि तुमची चिप एकाच मॉडेलची असली तरी जुळी भावंडं नाहीत, त्याचा आकडा त्याला लखलाभ. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर हे बायोसमधूनच बंद असतं, २०१९ मध्ये व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरमधली गुपितं काढता येतात हे उघड झालं त्यानंतर कंपन्यांनी कुलपं लावली. तुमचं उघडं आहे हे नशीब म्हणा.

प्रश्न : गेम खेळताना बंद पडतो, शिवाय गेल्या पंधरा दिवसांपासून टचपॅडचं बटण दाबलं जात नाहीये आणि झाकण नीट मिटत नाही, मधे फट राहते. दोन्हीचा संबंध असेल का? वडाळा.

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच मिनिटाला मेल केली होती, इथे बाकीच्यांसाठी छापतोय. टचपॅडच्या खाली बॅटरी असते. ती उशीसारखी फुगली की टचपॅड वर उचलला जातो आणि झाकणाला फट पडते. चार्जर काढा, बंद करा, परत चार्जिंगला लावू नका, गादी-पडद्यांपासून लांब, फरशीवर ठेवा. टोचू नका, दाबून झाकण मिटवायचा प्रयत्न करू नका, गर्दीच्या लोकलमध्ये बॅगेत कोंबून दुकानात नेऊ नका, सर्व्हिस सेंटरला फोन करून घरी येतात का विचारा. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. क्रॅशचं नंतर बघू, नवीन बॅटरी बसली की तो कदाचित उरणारही नाही. आणि मेलला अजून उत्तर आलेलं नाही तुमचं, बॅटरी काढली का तेवढं एका ओळीत कळवा.